पैलवान, उतरू नका

"वैजाक्का, दार उघडंना झालंय," बाळगोंडा पैलवान गाडीतून म्हणाले, आणि इतक्या शांतपणे म्हणाले की मला वाटलं, चेष्टा करताहेत.

मी बाहेरून कडी ओढली. दार हललं नाही. पलीकडं जाऊन दुसरं ओढलं, तेही हललं नाही. पैलवानांनी आतून खांदा लावला तेव्हा सगळी गाडी त्यांच्यासकट डुलली, दार मात्र चौकटीत रुतलेलं ते रुतलेलंच. मागची दोन दारं उघडायचा प्रश्न नव्हता. मागच्या वर्षी कुणीतरी डोक्यात घातलं म्हणून पैलवानांनी ती मजबुतीसाठी कायमची वेल्ड करून घेतली होती. पुढच्या दाराची काच अर्ध्यावर येऊन अडकायची. त्या अर्ध्या काचेतून पैलवानांचं डोकं बाहेर आलं, एक हात बाहेर आला, आणि पुढं काही येईना. एकशे अठरा किलोचा माणूस होता तो.

खंडेनवमीची दुपार होती. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला सकाळी आठ वाजता चिंचवाडीच्या घाटात शर्यत. आमच्या कारखान्यातलं यच्चयावत हत्यार हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजेला बसलेलं होतं. नवमीला पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडल्याशिवाय कुणी उचलत नाही. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, कारखान्यात तर त्याच्याकडं पाय करूनही कुणी बसत नसे.

मला हसू फुटलं. आज सांगायला लाज वाटते, कारण माझं सगळं आयुष्य त्या गाडीवर टांगलेलं होतं, पण हसू आलं ते आलंच.

सव्वीस वर्षं झाली याला. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे, तेव्हाही होता. आम्ही उसाच्या ट्रॉल्या करायचो. आप्पांच्या हाताखाली मी शाळेत असल्यापासून वेल्डिंग शिकले, मग डिप्लोमा केला, आणि चोविसाव्या वर्षी आप्पांना शोध लागला की मुलीच्या जातीला हे शोभत नाही. इतकी वर्षं शोभत होतं, ते एकाएकी बंद झालं. त्यांनी इचलकरंजीच्या एका सहकारी संस्थेत शब्द टाकला आणि कारकुनाच्या जागेचं पत्र आणलं. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. ते पत्र आईनं मसाल्याच्या डब्याखाली ठेवलं होतं, आणि मी रोज चहा करायला गेले की ते मला दिसायचं.

अशात बाळगोंडा पैलवान आमच्याकडं आले. शिरोळ तालुक्यातले पाटील, एके काळी लाल मातीत नाव काढलेले. गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली, आणि त्या जागी मोटारीच्या शर्यतीचं वेड शिरलं. गाडी त्यांची लहान आणि जुनी. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. वीस वर्षं ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर एवढा माणूस वाहून नेला की कुणाचंही कंबरडं खिळखिळं होईल. वळणावर गाडी अंग मोडते, अशी पैलवानांची तक्रार होती. इंजिन चांगलं, टायर नवे, पण घाटात गाडी वळवली की पुढचा भाग एकीकडं, मागचा भाग त्याच्या सवडीनं. आत बसलं की भांड्यांची मांडणी हलवल्यागत आवाज. मागच्या शर्यतीत चार मिनिटं दोन सेकंद लागले होते आणि सांगलीचा एक दातांचा डॉक्टर त्यांच्या पुढं गेला होता. शर्यत हरल्याचं पैलवानांना काही नव्हतं. सांगलीच्या माणसाकडून हरलो, हे त्यांना गिळवत नव्हतं.

मी आप्पांना काडेपेटीचं बाहेरचं खोकं दाखवलं. आतला कप्पा काढून खोकं बोटानं दाबलं, ते तिरकं झालं. मग आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक काडी अडकवली आणि परत दाबलं. खोकं हललं नाही. गाडीचंही असंच, मी म्हटलं. पुढं इंजिनावरून एक आडवा पाइप, मागं सीटच्या पाठीशी एक फुली, आणि पोटाखाली एक फुली. याला ब्रेस म्हणतात. गाडीचं अंग ताठ झालं की स्प्रिंगांना त्यांचं काम करता येतं, चाकं रस्ता धरतात.

"काडेपेटीला इंजिन नसतंय," आप्पा म्हणाले.

पण पैलवानांना काडी पटली. आप्पांनाही पैलवानांना नाही म्हणवेना. शेवटी ते मला म्हणाले, कर. मागच्या वर्षीपेक्षा गाडी दहा सेकंद जरी लवकर वर गेली, तरी तू कारखान्यात राहा, मी पुन्हा नोकरीचं नाव काढणार नाही. नाही गेली, तर दिवाळीनंतर मुकाट्यानं इचलकरंजीची बस धरायची. मी लगेच कबूल झाले.

आप्पांनी फक्त एक सल्ला दिला. पोटाखालची फुली थेट वेल्ड करू नको, मधे प्लेटा घालून नट-बोल्टनं जोड. वेल्ड केलेलं परत सुटत नाही. त्यांनी प्लेटांना भोकं पाडून चार बोल्टसकट माझ्या कामाच्या ठिकाणी ठेवून दिल्या. मी त्या भंगारात टाकल्या. ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही त्यानं बोल्ट लावावेत, असं माझं तेव्हा मत होतं.

आठ दिवस मी त्या गाडीखाली होते, आणि खरं सांगते, इतकी सुखात मी पुन्हा क्वचितच असेन. पैलवान रोज दूध घेऊन यायचे आणि आज काय ताठ झालं ते विचारायचे. मागची फुली बसवायला पेट्रोलची टाकी काढून ठेवली होती. गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचललेली. नवमीच्या सकाळपर्यंत सगळं झालं, पोटाखालच्या फुलीचे शेवटचे चार वेल्ड तेवढे राहिले.

तेवढ्यात आप्पा पूजेची मांडणी करायला आले. चौरंगाचा पाय मोडला होता. इकडंतिकडं बघून त्यांनी माझ्या गाडीखालची एक घोडी मागितली. अकराच्या आत सगळी हत्यारं धुऊन पूजेला यायला हवी होती, मशीनसकट. मला घाई होती. मी जॅक लावला, मागच्या डाव्या कोपऱ्याखालची घोडी काढून त्यांना दिली आणि तिच्या जागी ट्रॉलीखालचा एक लाकडी ठोकळा सरकवला. ठोकळा दोन बोटं बुटका होता. तेवढ्यानं काय होतंय, म्हणत मी चारी वेल्ड मारले, आणि मोठे सुरेख मारले.

मग पूजा झाली. मोठं वेल्डिंग मशीन मधे, भोवती ग्राइंडर, ड्रिल, पाने, हातोडे, आणि सगळ्यांच्या पुढं वेल्डिंगची कांडी धरायचा आप्पांचा होल्डर. त्याच होल्डरनं त्यांनी पहिली ट्रॉली केली होती. मी माझी गोणपाटाची पिशवी आणून शेजारी ठेवली. पिशवीत वेल्डिंग करताना डोळ्यांपुढं धरायची माझी काच होती, माझा होल्डर, एक करवत. आणि बरोबर जुन्या बाजारातून जळकं आणून मी स्वतः तार गुंडाळून चालू केलेलं एक छोटं वेल्डिंग मशीन. आप्पांनी पिशवी उचलून भंगाराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"पूजा हत्यारांची असती," ते म्हणाले. "हे तुझं खेळणं हाय."

दरवर्षी असंच व्हायचं. दरवर्षी मी पिशवी आणायची आणि दरवर्षी ती कोपऱ्यात जायची. त्या वर्षी मात्र मला ते फार लागलं, कारण पुढच्या वर्षी आणायला मी असेन की नाही, ते ठाऊक नव्हतं.

दुपारी पैलवान झेंडूची भलीमोठी माळ घेऊन आले. गाडी अजून उचललेलीच होती. सीट कशी बसली बघतो म्हणत ते आत चढले, आणि हत्तीच्या हौद्यात बसल्यागत वाटतंय, आता बसूनच खाली येतो, असा हट्ट धरला. त्यांच्या गाडीतलाच जॅक घेऊन मी एकेक कोपरा खाली सोडला. चारी चाकं जमिनीला टेकली तेव्हा गाडीनं कण्हल्यासारखा एक आवाज केला. आणि मग दार उघडंना झालं.

काय झालंय ते मला हसता हसताच कळलं, आणि हसू जागीच थांबलं. तीन घोड्या आणि एक बुटका ठोकळा. गाडी पिळलेल्या अंगानं उभी होती आणि मी तिला त्याच पिळात पक्की केली होती. आता चाकांवर आल्यावर तिला सरळ व्हायचं होतं आणि माझे चार सुरेख वेल्ड तिला सरळ होऊ देत नव्हते. दारांच्या चौकटी तिरक्या झाल्या होत्या. या गाडीनं वळण घेतलं असतं तर तिचं तिलाच कळलं नसतं, कुठं चाललो ते.

आप्पा जेवून आले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, ठोकळा उचलून पूजेच्या घोडीशेजारी उभा करून बघितला.

"नट-बोल्ट," एवढंच ते म्हणाले, आणि पान लावायला बसले.

माझी पिशवी माझ्या लेखी हत्यारंच होती, नवमीला तिला हात लावायचं मनातही आलं नाही. मी शेजारच्या निजामचाचांकडं धावले. त्यांचं लेथचं दुकान. तिथं तर आमच्यापेक्षा मोठी पूजा. चाचींनी मशीनपुढं रांगोळी काढलेली, लेथला केळीचे खुंट बांधलेले. चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की मी करवत मागायला आले आहे हे सांगायचा धीरच झाला नाही. त्यांनी प्रसाद दिला, तो घेऊन आले. सगळं उद्यमनगर चिडीचूप होतं. एरवी जिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही तिथं चिमण्यांचा आवाज येत होता.

पैलवान आतून धीर देत होते. दार मोडू का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मोडलं असतं त्यांनी, पण बिनदाराची गाडी शर्यतीत कोण घेतंय? मग ते म्हणाले, सकाळी तुमची हत्यारं उठली की काढा मला, तोवर बसतो निवांत. घाट चाळीस किलोमीटर लांब होता आणि सकाळचं सगळं गणित मला येत होतं. हत्यारं उठायच्या आधी शर्यत उठली असती.

आई ताट घेऊन आली. ताट काचेच्या फटीतून जाईना. मग तिनं घरात जाऊन पोळ्या एका कागदावर रचल्या, वर तूप सोडलं आणि कागद घडी घालून आत दिला. अशा तीन खेपा झाल्या. पैलवानांनी अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या. ताक मात्र नको म्हणाले. सकाळपर्यंत इथंच बसायचं असलं तर ताक नको, काकी, असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले, आणि आईला इतकं हसू आलं की तिला भिंतीला टेकावं लागलं. मीही हसले आणि हसता हसता रडायला लागले. आठ दिवसांचं सुख असं माझ्याच हातानं पिळून ठेवलं होतं.

मी पाय आपटत भंगाराच्या कोपऱ्यात जाऊन बसले. आई माझ्याकडं बघत होती. मग तिनं माझ्या शेजारच्या पिशवीकडं बघितलं. मग आप्पांकडं वळली.

"हिच्या पिशवीला तुम्ही हळदीकुंकू लावलंय का?"

आप्पांनी पानाला चुना लावता लावता मान हलवली.

"का न्हाई लावलं?"

"ते काय हत्यार हाय?"

"मग झालं तर," आई म्हणाली. "खेळण्याला कुठं नवमी लागतीय? खेळू दे की पोरीला."

गाडीतून पैलवान पोटभर हसले, गाडी हलेपर्यंत हसले. आप्पांचा चुन्याचा हात तसाच राहिला. ते पूजेकडं बघत होते, पिशवीकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू कुणीतरी त्यांना त्यांच्याच डावानं चीत केलं. शेवटी त्यांनी पान न खाताच खाली ठेवलं.

"खेळ," ते म्हणाले.

पोटाखाली पोचायचं तर गाडी चाकांवर ठेवूनच पोचायला हवं होतं, म्हणजे ट्रॉल्यांच्या पोटाखाली काम करायला खणलेल्या खड्ड्यावर न्यायला हवी होती. टाकी काढलेली, त्यामुळं ढकलायचीच. मी, आई, आप्पा आणि हाक मारून आणलेले निजामचाचा. आतून पैलवान ओशाळून माफी मागत होते, मधेच पोट आत ओढून वजन कमी करायचा प्रयत्न करत होते. चाचांना ही सगळी भानगड काय ते कळेना; ढकलता ढकलता त्यांनी विचारलं, माणूस आधी उतरवला असता तर? तेव्हा आम्ही चौघं असे हसत सुटलो की गाडी हातातून परत मागं आली.

खड्ड्यात उतरून मी करवत लावली. फुलीचा एक हात कापत आणला. शेवटचा केसाएवढा भाग राहिला आणि पाइप आपण होऊन टण्णकन तुटला, दोन्ही टोकं एकमेकांपासून बोटभर सरकली. वरती पैलवानांच्या शेजारचं दार हळूच, कुणी न लावता, उघडलं.

"सुटलो," पैलवान म्हणाले आणि एक पाय बाहेर टाकला.

मी खड्ड्यातून ते बोटभर सरकलेले पाइप बघत होते. पाय बाहेर पडताच टोकं पुन्हा हलली. थोडीच, पण हलली. आणि मला जे आठ दिवसांत कळलं नव्हतं ते एका क्षणात कळलं. गाडी घोड्यांवर पळत नाही. गाडी रिकामीही पळत नाही. ती चार चाकांवर पळते आणि तिच्या एका बाजूला एकशे अठरा किलोचा माणूस बसलेला असतो.

"पैलवान, उतरू नका," मी ओरडले. "आत बसा. असंच बसून राहायचं."

"आता गं?"

"तुमच्यासकट मापात घेतो मी गाडी." आमच्याकडं बायकाही 'घेतो', 'करतो'च म्हणतात. "काम होईस्तोवर हलायचं न्हाई."

ज्या माणसाला दोन तास बाहेर यायचं होतं त्याला दार सताड उघडं असताना आणखी तीन तास आत बसावं लागलं. मी बॅटरीची तार काढली, आतल्या पत्र्यावर ओली गोणपाटं अंथरली, पैलवानांना सीटवर मांडी घालून बसवलं. पुढचा आणि मागचा ब्रेसही एकेका ठिकाणी सोडवला, गाडीला सैल होऊ दिलं, आणि परत जोडला. आई पाण्याची बादली घेऊन उभी राहिली. पैलवान डोळे मिटून बसले होते, माळ गळ्यात, ठिणग्या खालून उडताहेत. निजामचाचा म्हणाले, नवमीची खरी पूजा इथंच चाललीय.

पोटाखालचा पाइप उरला. तुटलेल्या टोकांमधे काय घालावं याचा विचार करत मी खड्ड्यात उभी होते, तर वरून माझ्यापुढं दोन प्लेटा आल्या. भंगारातून काढून, पुसून. आप्पा खड्ड्याच्या काठाशी बसले होते. मी त्या घेतल्या. प्लेट एका हातानं धरून दुसऱ्यानं टाका मारता येईना, तेव्हा आप्पा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"हात काय पूजेला बसल्यालं न्हाईत," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता.

मी टाका मारला, ते धरून राहिले. आठ-दहा वर्षांत पहिल्यांदा मी वेल्ड करत होते आणि ते धरत होते. एरवी उलटं असायचं. बोल्ट आवळायला पाना नव्हता, सगळे पाने माळा घालून बसलेले. मी चाचपडत बोल्ट हातात घेतला आणि माप बघून थांबले. चाकाच्या नटाचं माप. आप्पांनी मुद्दाम तेच निवडलं होतं. गाडीतल्या चाकाच्या पान्यानं ते आवळता येत होते. घाटात काही झालं तर रस्त्यावर सुटायला पाहिजे, एवढंच ते म्हणाले. मला तिथंच मोठ्यानं ओरडून सांगावंसं वाटलं की आप्पा, तुम्ही शहाणे आहात आणि मी गाढव आहे. मी फक्त बोल्ट घट्ट आवळले.

ऊन उतरायच्या आत टाकी चढवली, पैलवान उतरले, दार लावलं. दार लागल्याचा इतका नेमका आवाज आला की सगळ्यांनी आळीपाळीनं ते उघडून लावून बघितलं.

सकाळी घाटात पाचव्या वळणावर आम्ही तिघं उभे होतो, मी, आई, आप्पा. तिथली टेकडी उंच, दोन वळणं खालचा रस्ताही दिसत होता. सांगलीचे डॉक्टर आधी गेले, छान गेले. मग खालून पैलवानांची गाडी आली. तिसऱ्या वळणावर मी श्वास धरला. चौथ्यावर सोडायचं विसरले. पाचव्यावर गाडी आमच्या पुढ्यातून एका अंगानं, सलग, जशी काय एकाच पत्र्यातून कापली असावी तशी वळली आणि वर गेली. आप्पांनी डोळे मिटले होते.

"आवाज न्हाई," ते म्हणाले. भांड्यांची मांडणी गप्प झाली होती.

मी पळत सुटले. साडी नेसलेली आईही पळाली. वर पोचलो तेव्हा पैलवान गाडीपुढं शड्डू ठोकत नाचत होते. सांगलीचे डॉक्टर तीन मिनिटं छप्पन्न, पैलवान तीन मिनिटं त्रेपन्न. त्यांनी मला आणि आईला एकदमच उचललं. मी हवेत होते आणि हिशेब करत होते. चार मिनिटं दोन सेकंदांतून तीन त्रेपन्न गेले की नऊ उरतात. परत केला, परत नऊच. एक सेकंद कमी पडला होता.

पैलवानांनी माझं तोंड बघितलं, काय झालं ते विचारून घेतलं, आणि मला खाली ठेवून सरळ चढ चढून येणाऱ्या आप्पांच्या पुढं जाऊन उभे राहिले. आप्पा, काल या पोरीनं मला कोंडून अकरा पोळ्या खायला लावल्या, ते म्हणाले. अकरा पोळ्यांचं वजन घाटावर कुणी ओढलं? माझ्या गाडीनं. त्याचा एक सेकंद धरायचा का न्हाई?

आप्पा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. खरोखरच हिशेब करत होते असं वाटलं.

"पत्र कुठाय गं?" त्यांनी आईला विचारलं.

"कुठलं?" आई म्हणाली. "पोळ्या कशावर दिल्या होत्या मग मी?"

पैलवानांनी सीटखाली हात घालून एक कागद काढला. तूप पिऊन तो इतका पारदर्शक झाला होता की त्यातून घाट दिसत होता. एका कोपऱ्यात संस्थेचा शिक्का, मधे पुरण. आईनं आदल्या दुपारीच निकाल लावून टाकला होता, शर्यतीच्या कितीतरी आधी. आप्पांनी कागद उलटा केला, सुलटा केला, आणि मग एवढा वेळ गंभीर राहिलेला तो माणूस त्या पत्रानं गाडीची पुढची काच पुसायला लागला. काच तुपानं आणखीच बरबटली. ते पुसतच राहिले आणि हसतच राहिले. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

मी राहिले कारखान्यात. राहा असं ते तोंडानं म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. ट्रॉल्यांबरोबर ब्रेसचीही कामं यायला लागली, आणि प्रत्येक गाडी आम्ही मालकाला आत बसवूनच मापात घ्यायचो.

पुढच्या खंडेनवमीला मी सवयीनं पिशवी घेऊन आले. आप्पा मांडणी करत होते. त्यांनी पिशवी माझ्या हातून घेतली, माझं मशीन काढून मोठ्या मशीनच्या पुढं ठेवलं, होल्डर त्यावर, काच त्याला टेकवून. त्यांची बोटं हळदीची होती. काचेवर त्यांनी जरा जास्तच हळद लावली. मी उगाच झेंडू निवडत बसले.

मग त्यांनी सगळ्यांच्या पुढं ठेवलेला त्यांचा स्वतःचा होल्डर उचलला, पहिल्या ट्रॉलीचा, आणि नेऊन भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. ना हळद, ना कुंकू, ना माळ.

मी म्हटलं, आप्पा, तो का बाहेर?

"एक तरी बाहेर पाहिजे," ते म्हणाले. "कोण कधी अडकंल, सांगता येतंय का?"

"पण ते तुमचं हत्यार."

"हत्यारं ती," त्यांनी माझ्या पिशवीतल्या वस्तूंकडं बोट केलं. "हे आता माझं खेळणं."

आणि त्यांनी मला नारळ फोडायला सांगितला. तोपर्यंत दरवर्षी नारळ आप्पाच फोडत असत.